प्रागमध्ये मुक्काम केला तो १९६० च्या खोलीत

प्रागसाठी हॉटेल शोधायला बसलं की दोनच प्रकार सारखे समोर येतात, एकतर ओल्ड टाऊनमधली, जिथे खिडकी उघडली की खाली दगडी रस्त्यावरून ट्रॉली बॅगांचा खडखडाट, नाहीतर स्टेशनजवळची ती मोठी चेन हॉटेलं, ज्यांची खोली बघून आपण कुठल्या देशात आहोत हेही कळत नाही. मला दोन्ही नको होती. बाबा बरोबर येणार होते, त्यांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं की किल्लाबिल्ला, पूलबिल सगळं बघू पण मला ज्या देशात जावा मोटारसायकल बनली तो देश बघायचाय, लोक घरात कसे राहायचे ते बघायचंय. आता हे बघायचं कुठे? म्युझियममध्ये दोरीच्या पलीकडे मांडलेली खोली दिसते पण त्या खुर्चीत बसता येत नाही ना. म्हणून मग शोधता शोधता विनोह्रादी भागातलं एक छोटं हॉटेल सापडलं, १९०० च्या आसपासची जुनी बिल्डिंग आणि आतल्या सगळ्या खोल्या १९५० ते १९७० च्या दशकातल्या चेकोस्लोव्हाकियाच्या, म्हणजे चेक आणि स्लोव्हाकिया एक देश होता तेव्हाच्या, सामानाने भरलेल्या.

रेट्रो नावाखाली काय काय खपवतात ते माहीत होतं, भिंतीवर जुनी पोस्टरं, कोपऱ्यात एक बंद पडलेला ग्रामोफोन आणि बाकी सगळं कालच दुकानातून आणलेलं. त्यामुळे बुक करायच्या आधी मी त्यांना सरळ मेल टाकला. विचारलं की फर्निचर त्या काळातलंच आहे का तसं दिसणारं नवीन आहे, फोन-रेडिओ चालू आहेत का शोभेचे, आणि लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते, कारण बाबांचा गुडघा. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि ते वाचूनच मी ठरवलं की इथेच राहायचं. त्यांनी प्रत्येक गोष्ट वेगवेगळी लिहिली होती, खुर्च्या जुन्या पण कापड नवीन, पलंगाची चौकट जुनी पण गादी नवीन, वायरिंग पूर्ण नवीन, फोन जुने आणि चालू. लिफ्टचा फोटो आणि दरवाजाची रुंदी सेंटिमीटरमध्ये. आणि हो, शेंगेन व्हिसाच्या फाइलला राहायच्या जागेचा पुरावा लागतो, ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, तर बुकिंग फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

एअरपोर्टवरून शहरात यायला आधी ट्रॉलीबस आणि मग मेट्रोची हिरवी ए लाइन. मी तर म्हणेन रेट्रो हॉटेल इथपासूनच सुरू होतं. ए लाइनचा पहिला टप्पा १९७८ सालचा, आणि स्टेशनांच्या भिंतींना ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या चौकोनी तबकड्या लावल्यात, काही आत दबलेल्या, काही बाहेर फुगलेल्या, आणि प्रत्येक स्टेशनचा रंग वेगळा. यारोस्लाव ओत्रुबा नावाच्या आर्किटेक्टचं काम आहे ते. सोनेरी, हिरवा, लाल, सगळे रंग मेटॅलिक, गाडी आली की तिच्या दिव्यांचा उजेड त्या खोलगट तबकड्यांवरून पळत जातो. आम्ही नामेस्ती मीरूला उतरलो. हे स्टेशन ५३ मीटर खोल आहे आणि वर यायचा सरकता जिना ८७ मीटर लांब! बाबा रेलिंग धरून उभे आणि वरपर्यंत एकच प्रश्न, याची साखळी बदलत कशी असतील.

रिसेप्शन म्हणजे काउंटर नव्हता, एक मोठं ऑफिसचं टेबल होतं आणि मागे पन्नाशी उलटलेल्या एक बाई. त्यांनी पासपोर्ट मागितले आणि एक फॉर्म दिला, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, येण्याचं कारण, सही. चेक रिपब्लिकमध्ये परदेशी पाहुणा आला की हॉटेलवाल्यांना तीन वर्किंग डेजच्या आत परदेशी नागरिकांच्या पोलिसांकडे नोंद द्यावी लागते, त्यामुळे हा फॉर्म सगळीकडेच असतो, घाबरायचं काही नाही. शिवाय प्राग महापालिकेचा मुक्काम कर, माणशी एका रात्रीचे ५० कोरुना (तिथलं चलन), तो बऱ्याच वेळा ऑनलाइन किमतीत धरलेला नसतो आणि हॉटेलवर वेगळा द्यावा लागतो, हे आधी माहीत असलं की शेवटी वाद होत नाही. मग त्यांनी किल्ली दिली. कार्ड नाही, खरीखुरी किल्ली आणि तिला लाकडाचा एवढा मोठा लंबगोल ठोकळा की खिशात मावतच नाही. म्हणजे बाहेर जाताना ती रिसेप्शनला ठेवूनच जायचं, आणि त्यामुळे येता-जाता दोन शब्द बोलणं होतंच. मला हे फार आवडलं. कार्डवाल्या हॉटेलात चार-चार दिवस राहून माणसाचं तोंड दिसत नाही.

आणि लॉबीत जावा होती. लाल, २५० सीसीची, पेट्रोल टाकीच्या बाजूला चकचकीत क्रोमचा पट्टा. बाबांनी बॅग सोडली आणि सरळ तिच्यापाशी. त्यांच्याकडे येझदी होती, मी लहानपणी तिच्या टाकीवर बसून फिरलेय. जावा कंपनी १९२९ सालची, फ्रान्तिशेक यानेचेकने काढलेली, आणि आपल्याकडे मैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात आधी जावा नावाने आणि मग येझदी नावाने त्याच घराण्यातल्या गाड्या बनल्या, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. बाबा गुडघ्याचं विसरून खाली बसले.

"अगं हे बघ, इथे ये. गिअरची दांडी आहे ना ही, आत दाबायची, वर फिरवायची, झाली किक. एकच दांडी, दोन कामं."

"बाबा, हात लावू नका, आधी विचारते मी त्यांना."

विचारलं तर बाई म्हणाल्या बसू नका फक्त, हात लावा की. मग बाबांनी ती दांडी आत दाबून वर फिरवून दाखवली, खट असा आवाज, आणि त्या बाईंनी सांगितलं की इतकी वर्षं इथे काम करतेय पण हे असं होतं हे मला माहीत नव्हतं. तिथून पुढे आमचा मुक्काम बदललाच, म्हणजे आम्ही पाहुणे राहिलो नाही, बाई रोज बाबांना काहीतरी दाखवायला घेऊन जायच्या आणि मी मध्ये दुभाषी.

आता खोलीबद्दल नीट लिहिते, कारण खरी मजा तिथेच आहे. आमची खोली ज्या स्टाइलची होती तिला तिथले लोक ब्रुसेल स्टाइल म्हणतात. १९५८ साली ब्रसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, एक्स्पो ५८, तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या पॅव्हेलियनला सर्वोत्कृष्ट पॅव्हेलियनचं बक्षीस मिळालं. त्याआधीची काही वर्षं स्टॅलिनच्या काळातल्या त्या जडशीळ खांबवाल्या, कणसं आणि कामगार कोरलेल्या शैलीची होती, आणि मग अचानक हे, फिके पिवळे-निळे रंग, तिरके पाय, तिन्ही बाजूंनी वेगवेगळी वळणारी टेबलं, पडद्यावर चांदण्या आणि रेघा. तो पडदा आमच्या खोलीत होता. कॉफी टेबलाला एकही सरळ कड नाही. टेबल लॅम्प योसेफ हूर्काने नापाको कंपनीसाठी डिझाइन केलेला, लाल, मान कुठेही वळवा तिथे राहते, आणि खरं सांगते रात्री वाचायला इतका सोयीचा दिवा मला महागड्या हॉटेलांत मिळाला नाही.

आरामखुर्ची मात्र त्याहून जुन्या वळणाची, यिंद्रिख हालाबाला याचं १९३० च्या दशकातलं डिझाइन. हातावरची पट्टी आणि पाय वेगळे नाहीतच, एकच लाकूड वाकवून पुढून वर, हातावरून मागे आणि परत खाली जमिनीपर्यंत नेलंय. बसलं की थोडीशी लवते. बाबांनी दुपारची झोप पलंगावर न काढता याच्यात काढली. आणि लिहायच्या टेबलाशी वाकवलेल्या लाकडाची साधी खुर्ची, मुंबईत इराण्याच्या हॉटेलात दिसते त्याच घराण्यातली. ही मूळ मिखाएल थोनेतची, १४ नंबरची खुर्ची म्हणतात, १८५९ सालची, आणि थोनेतचे कारखाने मोराव्हियात म्हणजे आजच्या चेक देशातच होते. त्यातला बिस्त्रित्से गावचा १८६१ चा कारखाना आजही खुर्च्या बनवतो. लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं आणि तसंच वाळवायचं. पूर्ण खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, सुटे करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या, म्हणून तर ती जगभर बोटीने गेली. बाबांनी ती उलटी करून स्क्रू मोजले. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्यांना राहवलंच नसतं.

बाथरूमला सनमायकाच्या भिंती होत्या, फिका निळा, त्यावर बारीक टिपके. मला आधी वाटलं ही काय स्वस्तातली कामं. पण बाईंनी सांगितलं की हे मुद्दाम आहे. तिथे शहराबाहेर काँक्रीटच्या तयार भिंती जोडून ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांना पॅनेलाक म्हणतात, लाखो लोक आजही त्यातच राहतात, आणि त्या घरांतली बाथरूमं अशीच सनमायकाच्या पातळ भिंतींची, संडास, बाथरूम आणि पाइप सगळं एकाच गाभ्यात. पलीकडच्या माणसाने खोकलं तरी ऐकू येणार. हॉटेलने आतून पक्की भिंत बांधून वरून फक्त तो सनमायका लावलाय. आता बऱ्याच लोकांनी आपापल्या घरातले ते गाभे फोडून टाइल्स बसवून घेतल्यात, त्यामुळे त्या बाई म्हणाल्या की तिथली तिशीतली पोरं येऊन या बाथरूमचे फोटो काढतात, आजीच्या घरातलं होतं म्हणून.

टीव्ही मात्र मला पटला नाही. लाकडी कपाटात बसवलेला जुना टेस्ला कंपनीचा सेट, आणि आतली काच काढून तिथे नवीन स्क्रीन घातलेला, त्यावर जुनी कार्टून्स फिरत राहतात. (टेस्ला म्हणजे गाड्यांची नव्हे, चेकोस्लोव्हाकियाची सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी, १९४६ पासूनची.) बाकी सगळं खरं असताना हे एक असं मेकअप केलेलं खुपतं. एक तर चालू ठेवा नाहीतर बंद राहू द्या, पोट फाडून दुसरंच काही भरू नका असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि मी ते त्यांच्या अभिप्रायाच्या वहीतही लिहून आले.

फोन मात्र खरा होता. काळा, तबकडीचा, टेस्लाचाच. रिसेप्शनला लावायचा तर ९ फिरवायचा, तबकडी पार शेवटपर्यंत ओढायची आणि सोडली की ती आपल्या वेगाने टर्र करत परत येते, घाई करून चालत नाही कारण परत येतानाच नंबराचे ठोके लाइनवर जातात, १ ला एक ठोका, ९ ला नऊ आणि ० ला दहा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या फ्रेंच जोडप्याचा मुलगा, असेल आठेक वर्षांचा, तो भोकात बोट घालून नुसता दाबत होता, बटण समजून. बाबांनी त्याला शिकवलं. भाषा नाही काही नाही, बोट धरून फिरवलं आणि सोडलं.

आणि आता रेडिओ. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक पांढरी प्लास्टिकची पेटी, तिच्यावर एकच बटण, आवाज कमी-जास्त करायचं. स्टेशन बदलायची सोयच नाही. तिकडे पूर्वी घराघरात असा तारेचा रेडिओ असायचा, टेलिफोनसारखी तार घरात यायची आणि सरकारी रेडिओ त्यातून यायचा, दुसरं काही ऐकायला मिळायचंच नाही त्यातून. हॉटेलने त्या पेट्यांना आत्ताचा चेक रेडिओ जोडून दिलाय. सकाळी बटण फिरवलं की बातम्या, मग वाद्यसंगीत, एक अक्षर कळत नव्हतं पण आम्ही रोज लावायचो.

याच रेडिओमुळे मला त्या गल्लीचं महत्त्व कळलं. हॉटेलपासून चालत विनोह्राद्स्का रस्त्यावर आलं की पुढे चेक रेडिओची बिल्डिंग लागते. चेकोस्लोव्हाकियात नियमित रेडिओ सुरू झाला १८ मे १९२३ ला, प्रागजवळ क्बेलीला एका तंबूतून. मग ५ मे १९४५ ला नाझींच्या विरोधात प्रागचा उठाव झाला तेव्हा याच बिल्डिंगमधून लोकांना मदतीला या म्हणून हाक दिली गेली आणि इथे मोठी लढाई झाली. आणि परत २१ ऑगस्ट १९६८, सोव्हिएत आणि त्यांच्या वॉर्सा लष्करी करारातल्या बाकीच्या देशांच्या सैन्याचे रणगाडे शहरात शिरले तेव्हा लोक बसगाड्या आडव्या लावून, नुसत्या हातांनी रेडिओ वाचवायला याच रस्त्यावर उभे राहिले. माणसं मेली तिथे. बिल्डिंगच्या भिंतीवर त्यांच्या पाट्या आहेत, फुलं ठेवलेली असतात. तिथून खाली गेलं की वाक्लाव चौकाच्या टोकाला नॅशनल म्युझियम, त्याच्या दर्शनी भिंतीवरही १९६८ च्या गोळ्यांच्या खुणा आहेत, मोठी दुरुस्ती झाली तरी त्या मुद्दाम दिसतील अशा राहू दिल्यात. मी त्या संध्याकाळी खोलीत येऊन ती एका बटणाची पेटी परत बघितली. ज्या सरकारने दुसरं स्टेशन ऐकायची सोय ठेवली नाही, त्याच सरकारच्या रेडिओतल्या माणसांनी ऐन वेळी जागा बदलून बदलून खरं काय चाललंय ते सांगत राहायचं ठरवलं. हे गाइडच्या तोंडून ऐकलं असतं तर इतकं आत गेलं नसतं.

हॉटेलला त्या काळाचं नुसतं गोड चित्र करायचं नाहीये हे मला तिथेच जाणवलं, आणि माझ्या मते अशा हॉटेलाची खरी परीक्षा हीच. रंगीत पडदे आणि छान दिवे लावून सगळं किती सुंदर होतं असं दाखवणं सोपं असतं. जिन्यात एका फ्रेममध्ये तुझेक्सची कुपनं लावली होती. तुझेक्स म्हणजे सरकारी दुकानं जिथे बाहेरच्या देशातला माल मिळायचा, जीन्स, व्हिस्की, पण साध्या कोरुनांवर नाही, परकीय चलनाच्या बदल्यात मिळणारी कुपनं लागायची, त्यामुळे दुकानाबाहेर काळाबाजार. बाई म्हणाल्या, त्यांची पहिली जीन्स आईने तशीच घेतली होती. मग मी किल्लीच्या त्या जड ठोकळ्याबद्दल काहीतरी बोलले तर त्या हसल्या आणि स्वतःच्या घराची किल्ल्यांची जुडी काढून टेबलावर वाजवून दाखवली. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये वाक्लाव चौकात लाखो लोक जमायचे आणि सगळे मिळून किल्ल्या वाजवायचे, कम्युनिस्ट सरकारला सांगायला की आता पुरे, घरी जा. त्या तेव्हा कॉलेजात होत्या, थंडीत हातमोजे काढून किल्ल्या वाजवल्या म्हणाल्या, मोजे घातले की आवाज येत नाही. बाबा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "विचार त्यांना, भीती नाही का वाटली?" मी विचारलं. वाटली, म्हणाल्या, पहिल्या दिवशी, विद्यार्थ्यांना मारलं तेव्हा, नंतर इतके लोक होते की नाही वाटली.

सकाळचा नाश्ता तळमजल्यावर, जुन्या कँटीनसारखी मांडणी, स्टीलचे ट्रे आणि जाड पांढऱ्या कपबश्या. रोहलिक म्हणजे लांबट पाव, लोणी, उकडलेली अंडी, चीजचं आणि लसणाचं लावायचं काहीतरी, काकडी-टोमॅटो. बाबांना अंडं चालतं, मांस नाही, तर अडचण आली नाही, फक्त प्रत्येक लावायच्या चटणीसारख्या पदार्थात हॅम आहे का हे विचारून घ्यावं लागतं कारण बघून कळत नाही. कॉफी मशीनची होती पण मागितली तर तुरेक देतात, काचेच्या ग्लासात दळलेली कॉफी टाकून वरून उकळतं पाणी, बस. गाळत नाहीत. ढवळून पाचेक मिनिटं तशीच ठेवायची, गाळ तळाशी बसला की वरची प्यायची आणि शेवटचा बोटभर सोडून द्यायचा. कडक असते, बाबांना आवडली. आणि कोफोला, त्यांचा देशी कोला, १९६० सालापासूनचा, कमी गोड आणि जडीबुटीची चव, ती मात्र एका घोटात ठरवता येत नाही, दुसऱ्या दिवशीपासून मला आवडायला लागली.

हॉटेलने हाताने काढलेला एक नकाशा दिला होता, त्यात चार्ल्स पूल आणि खगोलीय घड्याळ नव्हतंच, ते काय तुम्ही बघालच म्हणून. त्यात होती ट्राम नंबर २३. ही सगळी जुन्या टी-३ डब्यांवर चालते, गोल तोंडाची लाल-पांढरी ट्राम, १९६० च्या दशकापासून सुमारे १४ हजार बनल्या आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांभर गेल्या. वेगळं तिकीट नाही, नेहमीचाच पास चालतो, आणि ती थेट किल्ल्यापर्यंत वर जाते, त्यामुळे बाबांना चढही चढावा लागला नाही. मग लेत्नाच्या टेकडीवर गेलो, तिथे एक्स्पो ५८ चं रेस्टॉरंट सुटं करून ब्रसेल्सहून आणून परत उभं केलंय, काचेची वळणदार इमारत, आता आत ऑफिस आहे, बाहेरूनच बघायचं. मुख्य पॅव्हेलियनही आणलं होतं पण ते १९९१ च्या आगीत गेलं. लुत्सेर्ना पॅलेसमध्ये अजून पाटेरनोस्टर चालतो, म्हणजे न थांबणारी लिफ्ट, दरवाजे नाहीत, उघड्या खोल्यांची साखळी हळूहळू एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जात राहते आणि आपण चालत्यात चढायचं. बाबांना मी चढू दिलं नाही, त्यांनी समोर उभं राहून दोन फेऱ्या बघितल्या. ब्लॅक मॅडोनाच्या घरात, १९१२ ची योसेफ गोचार या आर्किटेक्टची क्युबिस्ट म्हणजे कोनाकोनांच्या शैलीची इमारत, पहिल्या मजल्यावर कॅफे आहे, तिथले दिवे, खुर्च्या, कोट अडकवायचे हूकसुद्धा कोनाकोनांचे. तिथे वेळ काढून बसाच.

परत आलो तर लॉबीतल्या दोन मोठ्या काचेच्या दिव्यांकडे माझं नीट लक्ष गेलं. ते हॉटेल प्राहामधून विकत घेतलेले आहेत असं कळलं. हे हॉटेल १९८१ साली कम्युनिस्ट पक्षाच्या पाहुण्यांसाठी बांधलेलं, डोंगरउतारावर लाटेसारखं पसरलेलं, आत खास काचकाम. २०१४ ला पाडलं. लोकांनी निदर्शनं केली, सह्या केल्या, पण पाडलं. बऱ्याच जणांना ते त्या जुन्या राजवटीचं होतं म्हणून नकोच होतं. मला दोन्ही बाजू कळतात, पण १४ व्या शतकातला पूल जपायचा आणि आपल्या आईबापांच्या काळातली इमारत मात्र लाज वाटते म्हणून पाडायची, हे मला पटत नाही, चांगलं काम चांगलंच असतं, करून घेणारा कोणीही असो. या छोट्याशा हॉटेलने निदान दिवे तरी वाचवले आणि ते रोज संध्याकाळी लावतात.

त्रास काय झाला तेही सांगते. लिफ्ट जुनी आहे, दोन जाळीचे दरवाजे, दोन्ही नीट लागल्याशिवाय हलत नाही आणि वरच्या मजल्यावर कोणी दरवाजा उघडा टाकला की सगळ्यांची खोळंबते, एकदा आम्हाला जिन्याने जावं लागलं. लाकडी जमीन करकरते, वरच्या खोलीतला माणूस पहाटे उठला की आपल्यालाही कळतं. एसी नाही. खिडक्या जुन्या पद्धतीच्या दुहेरी, एक बाहेरची जोडी आणि हातभर आत दुसरी जोडी, मधल्या जागेत हिवाळ्यात लोक दूध-लोणी ठेवायचे म्हणे. दोन्ही लावल्या की ट्रामचा आवाज जवळजवळ बंद होतो, पण उन्हाळ्यात लावून झोपता येत नाही. आंघोळीला टब आहे आणि त्याची कड उंच, म्हाताऱ्या माणसांना जड जातं, आम्ही मागितलं तर त्यांनी पाय ठेवायला लाकडी पाट आणि रबरी चटई आणून दिली.

चेकआऊटला वेळ लागत नाही, कर भरायचा, किल्ली द्यायची, बॅगा दिवसभर ठेवून घेतात. वस्तूंच्या मागे छोटे नंबर लावलेत आणि खोलीत एक जाड वही आहे, नंबर बघून ती वस्तू कोणी बनवली, कधीची, कुठून आणली ते वाचता येतं, चेक आणि इंग्लिशमध्ये. आम्हाला ती शेवटच्या दिवशी ड्रॉवरमध्ये सापडली, तुम्ही जाल तेव्हा पहिल्या दिवशीच काढून घ्या. असं हॉटेल बुक करताना अंगणाच्या बाजूची खोली मागा, दुसऱ्या मजल्याच्या वर नको, मे किंवा सप्टेंबरमध्ये जा, आणि बरोबर वयस्कर कोणी असेल तर टबाऐवजी शॉवर असलेली खोली आहे का हे मेलवरच विचारा, अशा हॉटेलांत प्रत्येक खोली वेगळी असते आणि वेबसाइटवरच्या फोटोतली खोली तुम्हाला मिळेलच असं नाही, त्यामुळे जी हवी तिचा नंबर लिहून पाठवा.